‘यंग जस्टिस’मधली क्विअर मुलं आणि त्यांची घरं

व्हायोलेट हार्परची आई कोण, या प्रश्नाचं उत्तर ‘यंग जस्टिस’ या मालिकेच्या जुन्या चाहत्यालाही एका दमात देता येत नाही. व्हायोलेटचं शरीर मुळात गॅब्रिएल दाऊ या मुलीचं. क्युरॅक या काल्पनिक देशातून ती निर्वासित म्हणून बाहेर पडली, मार्कोव्हिया नावाच्या दुसऱ्या काल्पनिक देशात राजवाड्यात कामाला लागली आणि मुलांमधली अतिमानवी शक्ती जागी करण्याचे प्रयोग करणाऱ्यांच्या तावडीत सापडून मेली. तिच्या शरीरात एका ‘मदर बॉक्स’चा आत्मा शिरला. मदर बॉक्स म्हणजे परग्रहावरचा जिवंत, विचार करणारा संगणक. या दोघांच्या मिळून झालेल्या जिवाला ना धड गॅब्रिएलचं आयुष्य आठवतं, ना मदर बॉक्सचं. व्हायोलेट हे नाव नंतरचं, हेलो हे सुपरहिरो म्हणून घेतलेलं. आपण मुलगी की मुलगा, असा प्रश्न पुढे आला तेव्हा व्हायोलेटचं उत्तर साधं होतं: दोन्हींपैकी काहीच वाटत नाही.

अशा मुलाचं घर कुठलं? कुणी कुणाला आपलं म्हणायचं? ही मालिका चार सीझनभर हेच विचारत राहते, आणि तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच. मुलगा समलिंगी आहे किंवा मूल स्वतःला मुलगा-मुलगी यांपैकी काहीच मानत नाही, याला इथे संकट म्हणून रंगवलेलं नाही. संकट वेगळीकडून येतं. खोटं बोलणारे, हात उगारणारे, वापरून घेणारे किंवा नुसतेच तोंड फिरवणारे मोठे लोक इथे मुलांच्या वाट्याला येतात. मुलांच्या क्विअर असण्यापेक्षा त्यांच्या आजूबाजूच्या मोठ्यांचीच कसोटी लागते.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ‘यंग जस्टिस’ ही डीसी कॉमिक्सच्या विश्वातली अमेरिकन अॅनिमेशन मालिका. ब्रँडन व्हिएट्टी आणि ग्रेग वाइझमन यांनी ती घडवली. बॅटमॅन, सुपरमॅन, अॅक्वामॅन यांच्यासारख्या मोठ्या नायकांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांची ही गोष्ट आहे. पहिला एपिसोड नोव्हेंबर 2010 मध्ये कार्टून नेटवर्कवर दाखवला गेला. दोन सीझननंतर, 2013 मध्ये मालिका बंद पडली. खेळण्यांची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्यावर अवलंबून असलेला पैसा आटला, असं वाइझमन यांनी नंतर सांगितलं. चाहत्यांनी चिकाटी सोडली नाही. जानेवारी 2019 मध्ये तिसरा सीझन डीसी युनिव्हर्स या स्ट्रीमिंग सेवेवर आला आणि चौथा 2021-22 मध्ये एचबीओ मॅक्सवर. दोन सीझनांच्या मध्ये कथेतला काळही पुढे सरकतो, कधी पाच वर्षांनी, कधी दोन. त्यामुळे पहिल्या सीझनमधली पोरं शेवटी संसाराच्या गोष्टी करताना दिसतात.

‘क्विअर’ हा शब्द इथे व्यापक अर्थाने घ्यायचा. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर, आणि स्वतःला स्त्री किंवा पुरुष या दोन खणांत न बसवणारे नॉन-बायनरी लोक, असे सगळे त्यात येतात. कुणाबद्दल प्रेम आणि ओढ वाटते ही एक बाब. आपण स्वतः आतून कोण आहोत ही दुसरी. घरातल्या मोठ्यांचा गोंधळ पुष्कळदा या दोन्ही बाबी एकत्र कालवल्यामुळेच होतो. मालिकेत त्या वेगवेगळ्या पात्रांमधून येतात, म्हणून समजायला सोप्या जातात. काल्डर हा टीमचा नेता आणि हार्पर रो ही व्हायोलेटची मैत्रीण, यांच्या बाबतीत प्रश्न प्रेमाचा आहे. व्हायोलेटच्या बाबतीत ‘मी कोण’ हा प्रश्न आधी येतो.

सुपरहिरोच्या गोष्टीत दुहेरी आयुष्य नेहमीच असतं. मुखवट्यामागे एक माणूस, घरी दुसरा. जवळच्यांपासून काहीतरी लपवायचं, ते कळलं तर आपल्याला टाकतील या धाकात राहायचं, आणि एक दिवस हिय्या करून सांगून टाकायचं. क्विअर वाचक-प्रेक्षकांना या गोष्टींत स्वतःचं काहीतरी दिसत आलं ते यामुळे. अमेरिकेत बराच काळ यापेक्षा उघड काही छापताच येत नव्हतं. 1954 मध्ये कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, तिने समलिंगी पात्रांना दारं बंद केली. ती बंदी उठायला 1989 उजाडलं. मार्व्हलचा नॉर्थस्टार 1992 मध्ये कॉमिकच्या पानावर ‘मी समलिंगी आहे’ असं म्हणाला, तेव्हा त्याची बातमी झाली.

अॅनिमेशनमध्ये तर ही कोंडी आणखी लांबली. 2000 ते 2004 या काळात ‘स्टॅटिक शॉक’ नावाची सुरेख मालिका चालली. तिचा नायक व्हर्जिल हा कृष्णवर्णीय मुलगा आणि रिची हा त्याचा गोरा जिवलग मित्र. रिचीचं पात्र ज्याच्यावरून घेतलं तो कॉमिकमधला रिक समलिंगी होता. मूळ निर्मात्यांपैकी एक असलेल्या ड्वेन मॅकडफी यांनी रिचीही तसाच आहे हे पुढे सांगितलं, पण पडद्यावर त्याचा उच्चार कधीच झाला नाही. झाला तो दुसऱ्या एका गोष्टीचा. एका एपिसोडमध्ये व्हर्जिल रिचीच्या घरी राहायला जातो आणि रिचीचे वडील वंशद्वेष्टे आहेत हे उघड होतं. वडिलांची लाज वाटून रिची घर सोडून जातो. आज तो एपिसोड बघताना मला रिचीची दुप्पट काळजी वाटते. ज्या घरात मित्राच्या कातडीचा रंग चालत नाही, तिथे हा मुलगा स्वतःबद्दल काय बोलू शकणार होता? त्या काळच्या मुलांच्या वाहिनीवर एक द्वेष दाखवता येत होता, दुसऱ्याचं नावही घेता येत नव्हतं.

‘यंग जस्टिस’च्या पहिल्या सीझनचीही तीच अवस्था होती. उघडपणे क्विअर म्हणावं असं एकही पात्र त्यात नाही. तरीही सीझनच्या शेवटाकडे एक प्रसंग येतो, तो क्विअर प्रेक्षकांच्या फार जवळचा आहे. टीममधल्या तीन मुलांना शत्रूने त्यांच्या गुपितांवरून पेचात पकडलेलं असतं. आर्टेमिसचे वडील आणि बहीण गुन्हेगार आहेत, आईही एकेकाळी त्याच धंद्यात होती. मेगन मंगळावरची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती हिरव्या मंगळवासीयांपैकी असल्याचं भासवते. प्रत्यक्षात ती तिकडे हीन मानल्या गेलेल्या पांढऱ्या जमातीची आहे, आणि खरं रूप दिसलं तर कॉनर आपल्याला सोडून जाईल या भीतीने ती महिनोन् महिने खोट्या रूपात वावरते. कॉनर, म्हणजे सुपरबॉय, हा सुपरमॅनचा क्लोन. त्याला कळलेलं असतं की आपल्यातला अर्धा अंश सुपरमॅनच्या कट्टर वैऱ्याचा, लेक्स लुथरचा आहे.

तिघंही एकाच वेळी, टीमसमोर, सगळं सांगून टाकतात. आणि मग कळतं की आर्टेमिसच्या घरची हकीकत रॉबिनला आधीपासूनच माहीत होती, फक्त त्याने तिच्या मैत्रीच्या आड ती कधी येऊ दिली नाही. कॉनरनेही मेगनचं खरं रूप पूर्वीच पाहिलेलं असतं. ती स्वतः सांगेल त्या दिवसाची तो वाट बघत होता. आपल्या मुलाबद्दल किंवा मित्राबद्दल अंदाज आलेला असूनही त्याला कोपऱ्यात न गाठणं आणि त्याच्या वेळेला मान देणं, हे मालिकेने इतक्या लवकर दाखवून ठेवलं. मेगन आणि कॉनर क्विअर नाहीत. पण स्वतःबद्दल सांगण्याचा तो धाक आणि सांगितल्यावर मोकळा झालेला श्वास, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कॉनरबद्दल आणखी थोडं, कारण घरातून नाकारलं जाणं म्हणजे काय हे मालिकेने सर्वांत आधी त्याच्याकडून शिकवलं. प्रयोगशाळेतून सुटका झाल्यावर तो सुपरमॅनकडे आशेने बघतो. सुपरमॅन त्याला मारत नाही, शिव्याही देत नाही. तो नुसता दूर राहतो. समोर आला की अवघडतो, कामाचं निमित्त काढून उडून जातो. बॅटमॅन त्याला सुनावतो की या मुलाला बापाची गरज आहे, तेव्हा ‘मी त्याचा बाप नाही’ असं म्हणून सुपरमॅन विषय संपवतो. जगातला सर्वांत भला म्हणवला जाणारा माणूस एका पोराशी असा वागतो, हे दाखवायला लेखकांना धाडस लागलं असणार. मुलाला नाकारणारे आईवडील क्रूरच असतात असं नाही. भांबावलेली, स्वतःच्याच भीतीत अडकलेली चांगली माणसंही तेच करतात आणि मुलाला होणारी इजा त्यामुळे कमी होत नाही. दुसऱ्या सीझनपर्यंत, म्हणजे कथेतल्या पाच वर्षांनी, सुपरमॅन त्याला धाकटा भाऊ मानू लागलेला असतो. मधल्या काळात कॉनरला सांभाळलं ते टीमने, ब्लॅक कॅनरीसारख्या शिक्षिकेने आणि मेगनने.

आता काल्डरकडे येऊ. माझ्या मते मालिकेतलं सर्वांत खोल पात्र त्याचं.

काल्डराम, म्हणजे काल्डर, हा समुद्राखालच्या अटलांटिस या काल्पनिक राज्याचा. पहिल्या सीझनमध्ये तो अॅक्वालॅड असतो, टीमचा नेता, वयाच्या मानाने फार समंजस. टुला या मैत्रिणीवर त्याचं प्रेम असतं, पण ती गार्थ या त्याच्याच मित्राची निवड करते आणि काल्डर ते दुःख गिळून कामाला लागतो. पुढे दोन गोष्टी होतात. टुला एका मोहिमेत मरते. आणि ज्यांना तो वडील समजत होता ते कॅल्विन ड्युरहॅम त्याचे सख्खे वडील नाहीत, तर अॅक्वामॅनचा हाडवैरी ब्लॅक मांटा हा त्याचा जन्मदाता आहे, हे त्याला कळतं. दुसऱ्या सीझनमध्ये आपल्याला काल्डर मांटाच्या बाजूला उभा असलेला दिसतो. रागाने तो बापाला जाऊन मिळाला असं सगळं जग मानतं. खरं तर ती नाइटविंगबरोबर, म्हणजे मोठ्या झालेल्या रॉबिनबरोबर, आखलेली हेरगिरी असते.

इथे मालिका सोपी वाट धरत नाही. मांटा खुनी आहे, पण परत आलेल्या मुलावर त्याचा जीव आहे. मुलाच्या मनाला इजा होते तेव्हा तो त्याला बरं करायला आकाशपाताळ एक करतो. काल्डर नेमका त्या मायेचाच वापर करून आतली माहिती काढतो आणि शेवटी सगळ्यांसमोर बापाचा घात करतो. तो बरोबरच वागला, पण आपल्यावर खरं प्रेम करणाऱ्या माणसाला फसवलं हे ओझं त्याच्या खांद्यावरून उतरत नाही. कॅल्विन हेही एके काळी मांटाचेच हस्तक होते. त्यांनी ती बाजू सोडली, काल्डरच्या आईशी संसार थाटला आणि दुसऱ्याच्या मुलाला आपला म्हणून वाढवलं. बाप कशाने होतो याची दोन उत्तरं काल्डर रोज बरोबर घेऊन जगतो. रक्त एकाचं, घर दुसऱ्याचं.

असा हा काल्डर तिसऱ्या सीझनमध्ये अॅक्वामॅन झालेला असतो, जस्टिस लीग या मोठ्या नायकांच्या संघटनेच्या प्रमुखपदी. आणि एका प्रसंगात तो विंड या अटलांटिसच्या तरुणाचं चुंबन घेतो. कुणी चमकत नाही, कुणी भाषण करत नाही, कुणी त्याला ‘तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस’ असं विचारत नाही. टुलावरचं त्याचं प्रेमही खोटं ठरवलं जात नाही. त्याने आधी एका मुलीवर प्रेम केलं, आता एका पुरुषावर करतो, आणि त्यावर कुठलीही चिठ्ठी डकवायची घाई मालिका करत नाही. ज्या कॉमिक्समध्ये हाच अॅक्वालॅड जॅक्सन हाइड या नावाने येतो, तिथे 2016 पासून तो उघडपणे समलिंगी आहे आणि त्याच्या आईला ते पटत नाही. अॅनिमेशनवाल्यांनी तो आईशी होणारा झगडा उचललाच नाही. काल्डरच्या घरात झगडे भरपूर आहेत, पण विंड त्यांचं कारण नाही.

मला हा निर्णय आवडतो. तरी एक सल राहतेच. काल्डर सोळा वर्षांचा होता तेव्हा मालिका मुलांच्या वाहिनीवर होती आणि त्याला मुलीवरच प्रेम करताना दाखवलं गेलं. पुरुषाचं चुंबन घेता आलं तोवर तो मोठा झालेला होता, मालिका पैसे भरून बघायच्या सेवेवर गेलेली होती, आणि 2010 मध्ये त्याच्या वयाची असलेली प्रेक्षक मुलंही पंचविशीला आली होती. ज्या वयात त्यांना हे दिसायला हवं होतं ते वय निघून गेलं.

व्हायोलेटच्या बाबतीत मात्र मालिकेने वेळ चुकवली नाही. हे पात्र आलंच तिसऱ्या सीझनमध्ये, आणि चौथ्यात सगळे जण व्हायोलेटचा उल्लेख इंग्रजीतल्या लिंगनिरपेक्ष अनेकवचनाने करतात. मीही इथे ‘ते’, ‘त्यांना’ असंच लिहितो आहे. मेलेल्या मुलीच्या शरीरात जागं झाल्यावर व्हायोलेट यांच्यासमोर एक विचित्र पेच आहे. हे शरीर, हा हिजाब, हा चेहरा बघून जग त्यांना एक विशिष्ट मुलगी समजतं. त्यांना स्वतःला ती मुलगी आठवत नाही. ती ज्या घराची होती त्या घराचे आपण कोण, हेही कळत नाही. पुढे गॅब्रिएलच्या आठवणी परत येऊ लागतात आणि त्यांतली एक भयंकर असते. राजवाड्यात मारेकऱ्यांना आत घेण्यात गॅब्रिएलचा हात होता. त्या रात्री मारले गेलेले राजा-राणी म्हणजे मार्कोव्हियाचा राजपुत्र ब्रायन याचे आईवडील, आणि ब्रायनवर तर व्हायोलेट यांचं प्रेम जडलेलं असतं. जे आपण केलंच नाही पण आपल्याच हातांनी झालं, त्याची कबुली ते स्वतःहून ब्रायनला देतात.

आता मोठ्यांकडे बघू. व्हायोलेट यांना मार्कोव्हियातून बाहेर काढणाऱ्यांत नाइटविंग, आर्टेमिस, कॉनर आणि ब्लॅक लाइटनिंग म्हणून ओळखला जाणारा जेफरसन पिअर्स हे होते. यांतला कॉनर तोच, ज्याला घरच्याने नाकारलं होतं. आर्टेमिस तीच, जिला आपल्या घराची लाज वाटायची. आता ते दोघं विशी ओलांडलेले आहेत आणि बेघर मुलांना आसरा देतात. शाळेत घालतात, जेवलात का विचारतात, उशीर झाला तर रागावतात. तुम्ही मुलगा की मुलगी, असं कुणी दटावून विचारत नाही. व्हायोलेट यांनी सांगितलं ते ऐकून घेतलं जातं आणि दिवस पुढे सरकतो. हे इतकं साधं आहे की पहिल्यांदा बघताना लक्षातही येत नाही.

पण मालिका इथेच थांबली असती तर ती गोडगोड झाली असती. निवडलेलं कुटुंब, म्हणजे रक्ताचं नातं नसताना एकमेकांना घरचं मानणारी माणसं, ही कल्पना क्विअर समाजात जुनी आहे. कॅथ वेस्टन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या समलिंगी लोकांत राहून तिचा अभ्यास केला आणि 1991 मध्ये तो प्रसिद्ध केला. घरच्यांनी टाकलेल्या लोकांनी मित्रमंडळींतून, जुन्या प्रेमिकांतून, शेजाऱ्यांतून घरं उभी केली होती, आजारपणात हीच माणसं उशाशी होती. या कल्पनेविषयी बोलताना मात्र निवडलेलं घर आपोआप सुरक्षित असतं असं गृहीत धरलं जातं. ‘यंग जस्टिस’ तसं गृहीत धरत नाही.

डॉक्टर हेल्गा जेस हे पात्र त्यासाठीच आहे. या शास्त्रज्ञ बाई मार्कोव्हियातून या मुलांबरोबर येतात, मायेने वागतात, त्यांच्या तब्येती बघतात. मुलंही त्यांना आईच्या जागी मानतात. आतून त्या शत्रूला सामील असतात. व्हायोलेट यांना त्या एके दिवशी सांगतात की तुझं शरीर आता फार दिवस टिकणार नाही. हे साफ खोटं असतं. मरणाची ती बातमी व्हायोलेट कुणालाच सांगत नाहीत. मनात कोंडून ठेवतात आणि वागणं सैरभैर होतं. शाळा बुडवून हार्पर रो या मैत्रिणीबरोबर दारू पिणं, बंदूक चालवणं, त्याच धुंदीत दोघांचं चुंबन आणि मग पोलीस. तो भाग बघताना छाती दडपते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, पोर बिघडलं. कारण काय, तर ज्या मोठ्या व्यक्तीवर विश्वास टाकला तिने त्यांना भीती दाखवून एकटं पाडलं होतं.

जेस यांचं खरं रूप उघड होतं तेव्हाही त्या मुलांना स्वतःची लेकरं म्हणतात. त्यांची शक्ती मी जागवली, म्हणून ती माझी. त्याच सीझनची मोठी खलनायिका ग्रॅनी गुडनेस तर नावातच आजी आहे, आणि व्हायोलेट यांच्यातल्या शक्तीला एक हत्यार म्हणून वापरायचा तिचा बेत असतो. आई, आजी ही नाती तोंडी घेऊन मुलांचा ताबा मागणाऱ्या दोन बायका, आणि दुसरीकडे नात्याचं नावही न लावता ताटं वाढणारे आर्टेमिस-कॉनर. लेखकांनी हे मुद्दामच समोरासमोर ठेवलं असावं असं मला वाटतं.

हार्पर रोच्या घरचं चित्र अधिक ओळखीचं आहे, म्हणून जास्त झोंबतं. तिच्या घरी मारहाण करणारा बाप आणि सांभाळायला धाकटा भाऊ कलन. मालिकेत या भावंडांना वेळ कमी मिळतो. कॉमिक्समध्ये मात्र कलन समलिंगी आहे, आणि 2012 च्या ‘बॅटमॅन’मधला त्या दोघांचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. गुंड मुलं कलनचे केस कापून त्याच्या डोक्यावर शिवी कोरतात. हार्पर स्वतःचे केस तशाच पद्धतीने कापून घेते. घरातलं एक माणूस असं बाजूला येऊन उभं राहिलं की काय होतं, ते त्या दोन पानांत आहे.

आणि हे नुसतं गोष्टीतलं नाही. कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत केलेला अभ्यास 2009 मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 21 ते 25 वयाच्या 224 गोऱ्या आणि लॅटिनो समलिंगी-उभयलिंगी तरुणांना त्यांच्या किशोरवयातल्या घराबद्दल विचारलं होतं. ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण नकार न मिळालेल्या किंवा थोडाच मिळालेल्यांच्या तुलनेत 8.4 पट आढळलं. नकार म्हणजे घराबाहेर काढणं एवढंच त्यात धरलेलं नव्हतं. क्विअर मित्रांना भेटू न देणं, ‘जरा मुलासारखा वाग’ म्हणून मागे लागणं, घरच्या कार्यक्रमात त्याला बाजूला ठेवणं, हेही नकारातच मोजलं होतं. यांतल्या बऱ्याच गोष्टी आईबाप भल्यासाठी म्हणून करतात. सुपरमॅनचं ते अवघडून उडून जाणं इथे आठवावं. ट्रेव्हर प्रोजेक्ट या अमेरिकन संस्थेने 2019 मध्ये मांडलेला आकडा दुसऱ्या बाजूचा आहे. ज्या क्विअर मुलांना आहे तसं स्वीकारणारी निदान एक मोठी व्यक्ती आयुष्यात होती, त्यांच्यात मागच्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी कमी होतं. ती व्यक्ती आई किंवा वडीलच असायला हवी असं नाही. शिक्षक, काका, प्रशिक्षक, कुणीही.

मालिकेच्या उणिवाही सांगायला हव्यात. व्हायोलेट यांचं शरीर जखमा भरून काढतं, म्हणून लेखक त्यांना तिसऱ्या सीझनमध्ये पुन्हा पुन्हा मारतात, तेही बीभत्स पद्धतीने. हिजाब घातलेलं, निर्वासित, नॉन-बायनरी असं पात्र दुर्मीळ असताना त्याच्याच वाट्याला एवढी हिंसा यावी, हे मला अजून पटलेलं नाही. पात्रांची गर्दी इतकी आहे की हार्परसारखी मुलगी दोन-चार प्रसंगांत उरकली जाते. ट्रान्सजेंडर मुलाची, घरच्यांशी रोज बोलत-भांडत जगणारी गोष्ट तर या मालिकेत नाहीच. आणि ज्या मुलाचं स्वतःबद्दल सांगणं घरात खरोखर वादळ उठवतं, त्याला इथे त्या वादळाचं चित्र सापडणार नाही. काल्डरचं चुंबन सहज स्वीकारलं जातं हे बघून त्याला आधार वाटेल किंवा एकटं वाटेल. दोन्ही शक्य आहे.

बघायची असेल तर सरळ पहिल्या सीझनपासून सुरू करा, मधूनच तिसऱ्यात उडी घेऊ नका. कॉनर आणि आर्टेमिस यांचं पोरकेपण आधी पाहिलेलं असलं तरच पुढे ते व्हायोलेट यांच्यासाठी जे करतात त्याचं वजन कळतं. पहिले दोन सीझन दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बघता येतात. तिसऱ्यात रक्तपात, मुलांची तस्करी आणि दारूचे प्रसंग आहेत, त्यामुळे तो आधी स्वतः बघून मग ठरवावं. चौथ्याच्या सुरुवातीलाच एका लाडक्या पात्राच्या मृत्यूचा धक्का आहे. त्या दुःखात काल्डर स्वतःला कामात किती जुंपून घेतो आणि सगळ्यांना आधार देणाऱ्या या माणसाला कोण विचारतं, याच्यावर पुढे बरेच एपिसोड जातात. मुलांबरोबर बघत असाल तर त्या भागांनंतर टीव्ही लगेच बंद करून उठू नका. त्यांना काही विचारायचं असेल.